३,३५,५०,३३६ : एका भिंतीच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

२२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी वाचनालयाने हॉलची एक अख्खी भिंत देऊ केली आहे. दरवर्षी तिथे गणितज्ञांची चित्रं आणि खाली दोन ओळींचा परिचय लागतो, लोक फोटो काढतात आणि चहाकडे वळतात. यंदा तसं नको. एकच मोठी संख्या घ्यायची आणि तिच्याबद्दल जे सांगता येईल ते भिंतभर मांडायचं.

उमेदवार तीन होत्या. १७२९ लगेच बाद; रामानुजनच्या टॅक्सीची गोष्ट सुरू केली की मुलंच ती पूर्ण करतात. कापरेकरांची ६१७४ जवळची, पण आकाराने लहान. म्हणून ३,३५,५०,३३६. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. ही पाचवी परिपूर्ण संख्या: स्वतःला वगळून उरलेल्या सगळ्या विभाजकांची बेरीज केली की पुन्हा तीच येते. ६ (१+२+३) आणि २८ (१+२+४+७+१४) शाळेत भेटतात, ४९६ आणि ८१२८ एखाद्या कोड्यात. पाचवीपर्यंत सहसा कोणी जात नाही.

अट एकच. कॉम्प्युटरने शोधलेलं चालेल, पण भिंतीवर जे जाईल ते आठवीच्या मुलाला पेन-कागदावर पडताळता आलं पाहिजे.

५ नोव्हेंबर

विघटन हाताने केलं. २ ने बारा वेळा निःशेष भाग जातो आणि ८१९१ उरतात. म्हणजे ४०९६ × ८१९१, किंवा २^१२ × (२^१३ − १). (इथून पुढे ^ ही घाताची खूण.)

विभाजक २६, आणि ते दोन रांगांत छान बसतात. पहिली रांग १, २, ४, ८ करत ४०९६ पर्यंत, एकूण १३. दुसरी रांग म्हणजे त्याच तेरांची ८१९१ पट. पहिल्या रांगेची बेरीज ८१९१. दुसऱ्या रांगेतला शेवटचा विभाजक म्हणजे संख्या स्वतः, तो सोडायचा. बाकीच्यांची बेरीज ८१९१ × ४०९५. दोन्ही मिळवा: ८१९१ × ४०९६. सिद्धता संपली. युक्लिडच्या नवव्या पुस्तकातलं ३६ वं विधान हेच सांगतं: १ पासून २ चे घात मिळवत जा, बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या घाताने गुणा.

सगळा डोलारा ८१९१ मूळ असण्यावर उभा आहे. ते वेगळं दाखवावं लागेल.

९ नोव्हेंबर

८१९१ चं वर्गमूळ ९० च्या किंचित वर. साध्या पद्धतीने ८९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, म्हणजे २४ भागाकार. कंटाळवाणं, पण अशक्य मुळीच नाही.

फर्माने १६४० मध्ये यातून मोठी सुटका केली. घातांक मूळ असेल, तर २^१३ − १ सारख्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येतो. आपला घातांक १३, दुप्पट २६. म्हणजे उमेदवार २७, ५३, ७९. पुढचा १०५ वर्गमूळाच्या पलीकडे. २७ मूळ नाही. उरले दोन. आणखी एक नियम असा की अशा विभाजकाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते. ५३ ला ८ ने भागल्यावर बाकी ५, तोही गेला. उरला एकटा ७९. ७९ × १०३ = ८१३७, बाकी ५४. भाग जात नाही. ८१९१ मूळ.

चोवीस भागाकारांचं काम एका भागाकारात! भिंतीवर हे मध्यभागी यायला हवं. परिपूर्ण असणं ही गंमत आहे, पण गणित कसं काम करतं ते इथे दिसतं. शेजारी २०४७ ही लावू: ती २^११ − १ आहे, घातांक मूळ आहे, तरी २३ × ८९ अशी फुटते. २३ म्हणजे २२ + १ आणि ८९ म्हणजे ८८ + १. नियम फुटणाऱ्या संख्येलाही लागू आहे हे मुलांनी स्वतः बघावं.

१३ नोव्हेंबर

इतिहासाची पट्टी लिहिली. लांबली होती, कापली. उरलं ते असं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटाकडे ग्रीक गणितज्ञ निकोमेकसने चार परिपूर्ण संख्या दिल्या: एककात एक, दशकात एक, शतकात एक, हजारात एक. शेवटचा अंक आळीपाळीने ६ आणि ८. पुढच्यांनी यालाच नियम मानलं आणि पाचवी पाच अंकी असणार असं गृहीत धरलं. पाच अंकी एकही नाही. सहा आणि सात अंकीही नाही. काही जुन्या याद्यांत १,३०,८१६ आणि २०,९६,१२८ दिसतात, त्या २५६ × ५११ आणि १०२४ × २०४७. पण ५११ म्हणजे ७ × ७३, आणि २०४७ चं काल-परवाच बघितलं. दोन्ही खोट्या.

खरी पाचवी आठ अंकी. तेराव्या शतकात इब्न फल्लूसने दहा परिपूर्ण संख्यांची यादी दिली, तिच्यातल्या पहिल्या सात बरोबर आहेत. युरोपात ही संख्या पंधराव्या शतकातल्या एका निनावी हस्तलिखितात येते. ते आज म्युनिकमध्ये आहे. १५३६ मध्ये हुडालरिकस रेगियसने २०४७ फोडून दाखवली आणि पाचवी छापून आणली. सहावी आणि सातवी इटलीतल्या कताल्दीने १६०३ मध्ये प्रसिद्ध केल्या: ८,५८,९८,६९,०५६ आणि १,३७,४३,८६,९१,३२८. पाचवीचा शेवट ६, सहावीचाही ६. आळीपाळीचा नियम तिथेच मोडला.

एवढं पुरे. तारखांनी भिंत भरली की मुलं ती इतिहासाच्या पेपरसारखी वाचतात.

१६ नोव्हेंबर

मधल्या तीन कोटींत खरंच दुसरी कोणी नाही? युक्लिडच्या साच्यातल्या सम संख्या मोजता येतात, आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या त्याच साच्यातली असते हे ऑयलरने सिद्ध केलं आहे. विषमांचा प्रश्न राहतोच. आजवर एकही विषम परिपूर्ण संख्या सापडलेली नाही. असलीच तर ती १०^१५०० पेक्षा मोठी असणार, एवढं २०१२ मध्ये ओशेम आणि राव यांनी दाखवलं. पण आपल्या टप्प्यात दुसऱ्याचा शब्द कशाला?

सी मध्ये छोटी चाळणी लिहिली. १ पासून सुरुवात करून प्रत्येक संख्या तिच्या पटींच्या खात्यात जमा करत जायचं. साधारण ५८ कोटी बेरजा आणि १२८ एमबी मेमरी. जुन्या लॅपटॉपवर पंखा जरा ओरडला. उत्तर: ६, २८, ४९६, ८१२८, ३३५५०३३६. बस.

हे हाताने पडताळण्यातलं नाही, त्यामुळे आपल्याच अटीप्रमाणे भिंतीवर जाणार नाही. माझ्या समाधानासाठी होतं.

२२ नोव्हेंबर

आज कापरेकरांचा दिवस. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर: डहाणूला १९०५ मध्ये जन्म, देवळालीच्या शाळेत मास्तरकी, आणि फावल्या वेळात आकड्यांशी असा खेळ की त्यांची नावं जगभरच्या याद्यांत बसली. त्यांच्या चाचण्या आपल्या अटीत चपखल बसतात, कारण त्या पेन-कागदासाठीच जन्मल्या.

हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी, आहे का? अंकांची बेरीज ३+३+५+५+०+३+३+६ = २८. वा! परिपूर्ण संख्येच्या अंकांची बेरीजही परिपूर्ण. पण हर्षद व्हायला २८ ने निःशेष भाग जायला हवा. ४ ने जातो, ७ ने नाही (८१९१ = ७ × ११७० + १). हर्षद नाही.

स्वयंभू आहे का? एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या येते, तिची पहिली संख्या ही जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू. शोधायला वाटतं तितका त्रास नाही. आपल्या संख्येला ९ ने भागलं तर बाकी १ उरते. त्यावरून जनकाच्या अंकांची बेरीज ९ ने भागल्यावर बाकी ५ देणारीच हवी: ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९, ६८. आठच तपासण्या. २३ ला गवसलं: ३,३५,५०,३१३ च्या अंकांची बेरीज २३, आणि दोन्ही मिळून ३,३५,५०,३३६. बाकीच्या सात रिकाम्या. म्हणजे स्वयंभू नाही, जनक एकच. (१०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. मुलांना आधी ते द्यावं.)

६१७४ वाली क्रिया आठ अंकांवर. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, पुन्हा तेच. ६५५३३३३० − ०३३३३५५६ = ६२१९९७७४. पुढे ८७३०८६२२, मग ८६५२६४३२, ६४३०८६५४, ८३२०८७६२ आणि परत ८६५२६४३२. चार अंकांत सगळे रस्ते ६१७४ ला जातात (चारही अंक सारखे नसले तर). आठ अंकांत तसं नाही. आपली संख्या तीन मुक्कामांच्या रिंगणात अडकून फिरत राहते.

आनंदी संख्या कापरेकरांची नाही, पण भाचीने हट्ट धरला. अंकांच्या वर्गांची बेरीज करत जायची, शेवटी १ आली तर आनंदी. इथे १२२, ९, ८१, ६५, ६१, ३७, आणि ३७ आली की पुढे ५८, ८९ करत पुन्हा ३७. आनंदी नाही. २८, ४९६ आणि ८१२८ तिन्ही आनंदी. ६ आणि आपली पाचवी तेवढ्या दुःखी.

"मामा, परिपूर्ण असून दुःखी? हे मी मोठ्या अक्षरात लिहिणार."

लिही. पण एक प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. यातलं संख्येचं किती आणि आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून किती? विभाजक कुठल्याही पद्धतीत लिहा, तेच राहतात. अंकांची बेरीज मात्र लिहिण्याच्या पद्धतीबरोबर बदलते. भिंतीवर हा फरक दिसला पाहिजे. भाचीला दोन रंग वापरायला सांगितलं: जे संख्येचं ते तांबडं, जे दशमान लिखाणाचं ते निळं. आजची जवळजवळ सगळी कार्डं निळी.

२३ नोव्हेंबर

काल एक चाचणी राहिली होती, तीच सगळ्यात प्रसिद्ध. कापरेकर संख्या: वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज मूळच्या संख्येइतकी यावी. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. (या वर्षी हे उदाहरण सोडून कसं चालेल!) २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७.

आपल्या संख्येचा वर्ग १,१२,५६,२५,०४,५७,१२,८९६. शेवटचे आठ अंक तोडले: ११२५६२५० + ४५७१२८९६ = ५६९६९१४६. नाही जमलं. निळं कार्ड, आणखी एक नकार.

मग वाटलं, हिच्यावर दहाचा पाया लादायचाच कशाला? ही बांधली गेली आहे दोनवर. द्विमान पद्धतीत लिहिली तर तेरा १ आणि त्यापुढे बारा ०. इतकं देखणं लिखाण दशमानात कुठे मिळणार? तिथे वर्ग करून बघू.

वर्ग = २^२४ × (२^१३ − १)^२ = २^२४ × (२^२६ − २^१४ + १). उजवीकडचे २६ अंक तोडले, म्हणजे २^२६ ने भागलं, तर भागाकार २^२४ − २^१२ आणि बाकी २^२४. दशमानात सांगायचं तर १,६७,७३,१२० आणि १,६७,७७,२१६. बेरीज:

१,६७,७३,१२० + १,६७,७७,२१६ = ३,३५,५०,३३६.

द्विमानात ही कापरेकर संख्या आहे. आणि नशिबाने नाही. १३ च्या जागी दुसरा कोणताही घातांक ठेवला तरी गणित तसंच चालतं, म्हणजे प्रत्येक सम परिपूर्ण संख्या दोनच्या पायावर कापरेकर संख्या असते. मुलांना करायला ४९६ देऊ: वर्ग २,४६,०१६; १०२४ ने भागा; भागाकार २४०, बाकी २५६; २४० + २५६ = ४९६. आठवीला नक्की जमेल.

देवळालीच्या मास्तरांची चाचणी आणि युक्लिडची संख्या, मध्ये सव्वादोन हजार वर्षं. हे कार्ड तांबडं की निळं यावर आम्ही भांडलो. चाचणी लिखाणाची आहे, पण पाया संख्येनेच निवडलेला. भाचीने जांभळा रंग काढला.

३० नोव्हेंबर

प्रोग्रामने आणखी बिरुदांचा ढीग ओतला. त्रिकोणी संख्या: १ पासून ८१९१ पर्यंतची बेरीज. षटकोनी: ४०९६ वी. पहिल्या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीज, १^३ + ३^३ + ... + १२७^३. विभाजकांच्या व्यस्तांची बेरीज बरोबर २, त्यामुळे विभाजकांचा हरात्मक मध्य (२६ ÷ २) पूर्णांक, १३, आणि असा मध्य पूर्णांक येणाऱ्या संख्यांचा अभ्यास ऑरे यांनी १९४८ मध्ये केला.

खरी सगळी, पण वेगळी नाहीत. २^१२ × (२^१३ − १) हे रूप हातात असलं की यातलं प्रत्येक दोन ओळींत पडतं. दहा पदव्या छापलेलं लग्नपत्रिकेवरचं नाव वाचल्यासारखं होतं. माणूस एकच असतो. ही सगळी एका कार्डावर, बारीक अक्षरात, "रूपाबरोबर आलेले" या मथळ्याखाली. घनांचं तेवढं वेगळं ठेवलं, कारण ६४ ठोकळ्यांचं चित्र चांगलं येतं.

वर्गांची बेरीज मात्र वेगळं प्रकरण. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते? नाही: ८१९१ ला ४ ने भागलं तर बाकी ३ आणि ती विघटनात एकदाच येते. तीन वर्गांची? लेजांद्रच्या नियमाने अडकते ती ४ च्या घाताला ८ च्या पटीत ७ मिळवलेल्या संख्येने गुणून आलेली संख्या. आपली संख्या म्हणजे ४^६ × (८ × १०२३ + ७). नेमकी अडकली! म्हणजे चार वर्ग लागणारच, आणि चार कुठल्याही संख्येला पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. ते चार शोधले: ८१९१ = ९०^२ + ९^२ + ३^२ + १^२. प्रत्येकाला ६४ ने गुणलं:

५७६०^२ + ५७६^२ + १९२^२ + ६४^२ = ३,३५,५०,३३६.

५७६० आणि ५७६ शेजारी आले हे मला फार आवडलं. तांबडं कार्ड, मोठं.

६ डिसेंबर

शेजारी तपासले. आधीची संख्या ३,३५,५०,३३५ = ४०९५ × ८१९३ = ३^३ × ५ × ७ × १३ × २७३१. यातले ३^३ × ५ × ७ म्हणजे ९४५, आणि ९४५ ही सर्वांत लहान विषम विपुल संख्या, जिच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून जास्त होते. विपुल संख्येची कोणतीही पट विपुलच. म्हणजे डावा शेजारी विपुल, तोही विषम असून.

उजवा शेजारी ३,३५,५०,३३७. विषम आहे आणि ३ ने भाग जात नाही. २ ने किंवा ३ ने भाग न जाणारी सर्वांत लहान विपुल संख्या ५,३९,१४,११,०२५, म्हणजे आपल्या टप्प्याच्या खूप पुढे. परिपूर्ण तर ती नाहीच, हे चाळणीने सांगितलं आहे. तेव्हा हा शेजारी न्यून, विभाजकांची बेरीज कमी पडणारा.

विपुल, परिपूर्ण, न्यून, ओळीने. निकोमेकसने संख्यांचे जे तीन वर्ग केले, ते तिन्ही इथे सलग तीन घरांत राहतात. तीन कार्डं जोडून लावणार. उजव्याची सिद्धता पूर्ण हाताने होत नाही. कार्डाच्या कोपऱ्यात तसं लिहिलं.

१४ डिसेंबर

मांडणी ठरली. मध्ये ८१९१ आणि एकटा भागाकार, डावीकडे विभाजकांच्या दोन रांगा, उजवीकडे कापरेकर, खाली चार वर्ग आणि शेजारी.

८१९१ चा कोपरा थोडा वाढवला. ती ९० च्या पायावर १११ अशी लिहिली जाते, १ + ९० + ८१००, आणि दोनच्या पायावर तेरा १. दोन वेगळ्या पायांवर (दोन्हीकडे तीन किंवा जास्त अंक) नुसत्या १ नी लिहिता येणाऱ्या संख्या आजवर दोनच माहीत आहेत, ३१ आणि ८१९१. या दोनच असाव्यात असा बेल्जियमचे इंजिनिअर गोरमाख्तिख यांचा १९१७ चा अंदाज अजून सिद्ध झालेला नाही. दुसरं म्हणजे ३, ७, ३१ आणि १२७ यांना घातांक केलं की २^३ − १, २^७ − १ अशा चारही वेळा मूळ संख्या मिळतात, आणि लोकांना वाटलं पुढेही मिळणार. पुढची ८१९१. २^८१९१ − १ मूळ नाही हे १९५३ मध्ये कॉम्प्युटरवर कळलं, आणि तिचा एक विभाजक ३,३८,१९,३७,५९,४७९ नंतर सापडला. फर्माचा नियम लावून बघितला: १६३८२ × २,०६,४४,२२९ + १. बसतो.

सध्या माहीत असलेल्या परिपूर्ण संख्या ५२. बावन्नावी ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेल्या २^१३६२७९८४१ − १ मुळे. ती मूळ संख्याच ४,१०,२४,३२० अंकांची. आमच्या भिंतीवर आठ.

२० डिसेंबर

कार्डं चिकटवली. गुरुत्वाकर्षणाचा आणि सेलोटेपचा वाद चालू आहे, घनांचं चित्र दोनदा खाली आलं, उद्या डिंक.

भिंतीखालच्या टेबलावर कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या, आणि शेजारी सहावी परिपूर्ण संख्या, ८,५८,९८,६९,०५६, काहीही न सांगता. पाटी फक्त "हिच्यावर करून बघा." मी आधी एकच चाचणी करून पाहिली. अंकांची बेरीज ६४. संख्या २^१६ × १३१०७१, म्हणजे ६४ ने भाग सरळ जातो, भागाकार १३,४२,१६,७०४. सहावी हर्षद निघाली. सहा सोडली तर मधल्या चारींपैकी कोणी नव्हती.

हे उत्तर टेबलावर ठेवायचं नाही. वाचनालयाच्या मॅडमना तेवढं पाकिटात देऊन ठेवलं आहे, कोणी मागितलंच तर.